शेवट्यांची पुनव

दसरा आटोपला की ऑफिसातली माणसे माझ्या टेबलाशी येऊन उभी राहतात. "यंदा शेवटे कधी?" म्हणून विचारतात, जसा काही मी शेवट्यांचा स्टेशनमास्तरच. त्यांनी कुणाच्या तरी मोबाइलवर पाहिलेले असते, की पेडण्यात, नदी समुद्राला मिळते त्याच्या थोडे अलीकडे, आश्विनाच्या पुनवेला शेवटे मासे शेतांतल्या पाण्यातून बाहेर पडून समुद्राकडे निघतात आणि निघताना हातभर उंच उड्या मारतात. ते बघायला त्यांना यायचे असते, बायकामुलांना घेऊन, जमल्यास जेवायलाच. मी दर वर्षी सांगतो, येऊ नका, चिखल आहे, डास आहेत, यंदा मासा कमी आहे. त्यांना वाटते मी चिकट आहे, वाटा द्यावा लागेल म्हणून टाळतो. वाटू दे. मीही एकदा शेवटे बघायलाच त्या गावात गेलो होतो आणि अजून परत आलेलो नाही.

मी मूळचा लाटंबार्सेचा. आमच्याकडे वर काजूचे डोंगर आणि खाली भात. ओहोळाचे पाणी वरून खाली वाहते आणि एकदा गेले की परत येत नाही. समुद्र आम्ही शाळेच्या सहलीला बघितलेला. त्यामुळे डिचोलीच्या कारखान्यातला एक सहकारी जेव्हा म्हणाला, "चल, माझ्या आतेच्या गावात शेवटे दाखवतो," तेव्हा मी इस्त्रीची पँट घालून गेलो. त्या पँटचे पुढे काय झाले ते सांगण्यासारखे नाही. त्याच्या आतेने बसायला दिले, आतेच्या मुलीने चहा आणि गरम पोई, म्हणजे इकडचा कोंडा लावलेला पाव, आणून दिली. पोईचा कोंडा माझ्या मिशीला लागला आणि ती हसली. मग तिच्या वडिलांनी मला बांधावरून पाण्यापर्यंत नेले. मासे उडाले. मी तोंड उघडे टाकून बघत राहिलो. मुलीचे वडील मासे बघत नव्हते, मला बघत होते. हे मला फार उशिरा कळले. पुढच्या तुळशीच्या लग्नानंतर आमचेही लग्न झाले.

आता मानस म्हणजे काय ते सांगायला हवे, कारण सगळे घोडे तिथेच अडते. खाडीकाठची आमची शेते भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहेत. नदी आणि शेते यांच्यामध्ये मातीचा बांध. बांधात एके ठिकाणी दगडी खांब आणि त्यांच्यात लाकडी दारे. तीच मानस. भरती चढली की बाहेरचे पाणी दारांना ढकलते आणि ती मिटतात. ओहोटी लागली की आतले पाणी ढकलते आणि ती उघडतात. माणसाने काही करायचे नाही, असे ऐकणाऱ्याला वाटते. पण एखादा ओंडका, एखादी झावळी, हल्ली प्लास्टिकची गोणी, काहीही दारात अडकले की दार पुरते मिटत नाही. खारे पाणी आत शिरते आणि शेत पुढे दोन-तीन पावसाळे भात देत नाही. म्हणून प्रत्येक भरतीला कुणीतरी तिथे जाऊन दारे बघून यायची असतात, दिवसाच्या भरतीला आणि रात्रीच्याही. ही राखण पूर्वीपासून माझ्या सासरच्या घराकडे आहे. आणि त्या घरात पूर्वीपासून मुलीच होत आल्या आहेत. त्यामुळे मानशीवर जाणारा माणूस नेहमी बाहेरून आणावा लागतो. तो जावई.

माझे सासरेही असेच आणलेले, शिरगावहून. तिथल्या जत्रेत देवीचे धोंड, म्हणजे तिचे व्रत धरलेले भक्त, हातात वेत घेऊन निखाऱ्यांतून चालतात. तरुणपणी तेही चालायचे. त्यांचा तो वेत, लोकरीचे गोंडे लावलेला, सासरच्या पडवीत खुंटीला टांगलेला आहे. गोंड्यांचा रंग उडून गेला आहे.

घरजावई म्हटले की लोक हसतात. हसावे. पण मला त्या घरात कुणी कधी एक शब्द वाकडा बोलले नाही, आणि तीच खरी अडचण होती. भांडायला जागाच नव्हती. सासरे मला 'तुमी' म्हणत. माशाचे डोके न विचारता माझ्या ताटात पडे, मला काट्यांचा कंटाळा असूनही. पडवीच्या जनेलापाशी, म्हणजे खिडकीपाशी, वेताची एक कदेल आहे, तिथे बसले की मानस दिसते. ती खुर्ची सासऱ्यांची. मी बसू नये असे कुणी म्हटले नाही, पण मी कधी बसलो नाही. एकदा शर्ट अडकवायला मी आमच्या खोलीत भिंतीला खिळा मारला. दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर तो खिळा काढून दुसऱ्या जागी, जास्त चांगल्या जागी, जास्त सरळ मारलेला होता. वर माझा शर्टही टांगलेला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, हा तोंड दाबून लाडवांचा मार होता.

सासूबाई गेल्या आणि सासरे एकदम थकले. रात्रीच्या भरतीला ते मला हाक मारू लागले. "जांवय, उठल्यात?" एवढेच. मी उठायचो. बॅटरी घेऊन दोघे बांधावरून जायचो, दारे चाचपून यायचो, आणि सकाळी मी मोटरसायकलवर पेडण्याहून डिचोलीला. एकदा अस्नोड्याच्या वळणावर डुलकी लागून म्हशीसमोर गेलो. म्हैस शहाणी होती, ती बाजूला झाली. त्या दिवशी मी ठरवले, बस्स झाले.

डिचोलीत मी भाड्याने दोन खोल्या बघितल्या. आमच्या मुलीची नवी शाळा तिथून चालत जाण्याइतकी जवळ. खोल्या रिकाम्या होत्या आणि भिंतीत आधीच्या भाडेकरूचे चार खिळे राहून गेले होते. हे चारही खिळे आता माझे, असे मनात आले आणि माझे डोळे भरून आले. घरमालक गोंधळला. त्याला वाटले खोल्या आवडल्या नाहीत.

बायको तयार होती. मी विचारल्याबरोबर ती "व्हय" म्हणाली आणि त्याच संध्याकाळी दुकानातून पुठ्ठ्याचे खोके मागून आणले. दिवाळीआधी निघायचे ठरले. तिने अंथरुणे भरली, मुलीची पुस्तके भरली, आणि सर्वांत खाली, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून, माशांचे हुमण करायचे मोठे मातीचे कुंडले ठेवले. मी म्हटले, तिथे गॅस आहे, कुंडले कशाला? "ऱ्हांव दी," म्हणाली. त्या घरातून न्यायची तिची एवढीच वस्तू होती. खोका मी सुंभाने करकचून बांधला आणि आम्ही तो खाटेखाली सरकवला. मग ती खाटेवर बसून म्हणाली, "तूंच सांग बाबांक. माझ्यान जावचां ना."

मी रोज सांगायचे ठरवी. सकाळी ते मानशीवर असत, संध्याकाळी थकलेले असत. रविवारी कुणीतरी येई. एकदा वाक्य सुरूसुद्धा केले, "बाबा, एक बोलायचे होते," तर ते म्हणाले, "व्हय, दाराच्या बिजागरेक तेल घालूंक जाय," आणि मी तेल आणायला गेलो. शेवटी पुनवेचा दिवस नक्की केला. त्या दिवशी आम्ही दोघेच मानशीवर असतो, आणि तिथून कुणाला उठून जाता येत नाही.

ते असे. पुनवेची भरती मोठी असते, आमच्याकडे ती दुपारच्या सुमाराला भरते. बांधाचा मधला एक तुकडा फार पूर्वी फुटून पुन्हा भरलेला आहे, तो खचून सखल झाला आहे. मोठ्या भरतीला पाणी त्याच्यावरून आतल्या चरात पडते; ते ओहोटीला मानशीतूनच निघून जाते, भातापर्यंत पोचत नाही. मानशीवर असलेला माणूस ओहोटी लागेपर्यंत तिथेच राहतो. दोन माणसे, एक दगडी ओटा आणि चारी बाजूंनी पाणी. म्हातारा कुठे जाईल, असा माझा हिशेब होता. असाच हिशेब दुसऱ्या बाजूनेही मांडलेला असेल, हे माझ्या डोक्यात आले नाही.

सकाळी आम्ही निघालो. सासऱ्यांच्या हातात पिशवी. पिशवीत नारळ, विडीचा कट्टा आणि दोन पोया. मानशीचा राखणदार, म्हणजे त्या जागेचा अदृश्य रक्षक, देवचार, त्याला पूर्वी तांदळाचा रोट द्यायचे. सासूबाई गेल्यापासून रोट भाजायला कुणी नाही, म्हणून पोई. देवचाराने आजवर तक्रार केलेली नाही. मी काही देवचार मानणारा नव्हे, पण तिथे न मानणाराही चप्पल काढूनच उभा राहतो.

ओट्यावर पोचेपर्यंत मागचा सखल तुकडा बुडायला लागला होता. बाहेर नदी फुगत होती. दारे मिटलेली. आतल्या पाण्यात, दारांच्या अगदी जवळ, शेवटे जमायला लागले होते. पाठी काळपट, मधूनच एखाद्याचे चंदेरी पोट. पावसाळाभर ते शेतांत, चरांत चरून लठ्ठ झालेले असतात, आणि आश्विनात त्यांना समुद्र आठवतो. वाट बंद असली की ते परत फिरत नाहीत. दारापाशीच गोल गोल फिरत राहतात. एक थवा दुसऱ्यात मिसळतो, पुन्हा सुटतो, पुन्हा तिथेच.

सासऱ्यांनी बाहेरच्या बाजूला जाळे बांधले, हातपाय धुतले, पोया आणि विड्या दगडावर ठेवल्या आणि नारळ हातात घेऊन गाऱ्हाणे सुरू केले. गाऱ्हाण्यात माझे काम एकच. त्यांचे एक वाक्य पुरे झाले की मी म्हणायचे, "व्हय महाराजा." लग्न झाल्यापासून दर वर्षी मी ते म्हणत आलो आहे. त्याला डोके लागत नाही, आणि माझे डोके त्या वेळी दुसरीकडे गुंतलेले होते. मी मनात वाक्य जुळवत होतो. 'बाबा, आम्ही डिचोलीला राहायला जायचे म्हणतो.' की 'ठरवले आहे'? 'म्हणतो' म्हटले तर ते नको म्हणतील. 'ठरवले आहे' म्हटले तर तोंडावर मारल्यासारखे होईल.

"बा देवा राखणदारा, आज आश्विनाची पुनव. तुझी लेकरां तुझ्या दारात उबी आसत."

"व्हय महाराजा."

"नारळ ठेवलो आसा, विडी ठेवली आसा, तां मान्य करून घे."

"व्हय महाराजा." 'मुलीच्या शाळेसाठी' हे आधी घालावे. नातीचे नाव काढले की ते विरघळतात.

"खाऱ्या पाण्यापासून शेतां राख, बांधाक कुर्ल्यांनी बीळ पाडलां तां बुजव."

"व्हय महाराजा." 'तुम्हीही चला' म्हणावे का? येणार नाहीत. पण म्हणायला हवे.

"माझे हातपाय आतां थकले. आजपासून ही राखण ह्या घराचो जांवय हातीं घेता. ती तेच्या हातून सोडूं नको."

"व्हय महाराजा."

नारळ फुटला. पाणी दगडावर सांडले. आणि त्या आवाजाने मी भानावर आलो. कानात आत्ताच गेलेले वाक्य सावकाश खाली उतरत होते, गरम चहाचा घोट घशात अडकून मग उतरावा तसे. मी विचारले, "बाबा, शेवटी काय म्हणालात?"

"आयकलांत मगे," ते म्हणाले. "व्हय पण म्हणलांत." आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

मी तो तुकडा हातात धरून उभा राहिलो. मग माझे जुळवलेले वाक्य बाहेर पडले, पण नको त्या क्रमाने आणि नको त्या आवाजात. "आम्ही डिचोलीला चाललो आहोत. खोल्या घेतल्यात. दिवाळीआधी."

ते ओट्यावर टेकले. पोईचा एक तुकडा मोडून त्यांनी तोंडात टाकला, देवचाराचा वाटा होता तरी. "माका म्हायत आसा," ते म्हणाले.

"कुणी सांगितले?"

"माझ्या खोलीतलां सुंभ न्हेलांत. तां कोणेय न्हेंवचां ना, सामान बांधूंक नसलां तर."

मला इतका राग आला की डोळ्यांपुढे क्षणभर पाणी दिसेनासे झाले. हा माणूस जाणून होता. जाणून त्याने दिवस निवडला, पाणी चढायची वेळ निवडली, आणि माझ्या तोंडून व्हय काढून घेतले. मी ओरडलो. काय ओरडलो ते सगळे आठवत नाही. ही राखण माझी नाही, हे घर माझे नाही, एक खिळासुद्धा माझा नाही, असे काहीतरी. मोपाच्या विमानतळावर उतरणारे विमान डोक्यावरून गेले तेव्हा माझा आवाज त्यात बुडाला, पण मी थांबलो नाही. विमान गेल्यावर मी अजून ओरडतच होतो आणि ते मला विचित्र वाटले. मी बांधाकडे बघितले. सखल तुकड्यावरून पाणी वाहत होते. निघून जावे म्हटले तर पोहत जावे लागले असते, आणि लाटंबार्सेच्या माणसाला पोहता येत नाही.

त्यांनी पोईचा उरलेला तुकडा दगडावर परत ठेवला. मग म्हणाले, "माका पण मांवान अशीच फसयलां. हयसरच. हांव शेवटे बघी होतंय."

त्यांचा मांव म्हणजे सासरा, माझ्या बायकोचा आजा. तोही याच दगडावर उभा राहून गाऱ्हाणे घालत असणार, आणि शिरगावचा एक तरणा पोरगा पाण्यात बघत व्हय महाराजा म्हणत असणार.

"मागीर?" मी विचारले. राग होताच, पण विचारल्यावाचून राहवेना.

मग ते बोलले. इतक्या वर्षांत ते माझ्याशी तेल, दारे, बांध आणि मासे यांपलीकडे बोलले नव्हते. लग्नानंतर त्यांनी शिरगावात एक रात्र काढलेली नाही. जत्रेला जायचे ते सकाळी, आणि रात्रीच्या भरतीच्या आत परत. होमकुंड पेटते ते रात्री, धोंड निखाऱ्यांतून चालतात ते पहाटेला. ते त्यांनी लग्नानंतर कधी पाहिले नाही. आई गेली तेव्हा निरोप आला, पोचले, आणि अग्नी देऊन परत. भाऊ गेला तेव्हाही तसेच. भावाच्या घरातली एक खोली अजून त्यांच्यासाठी ठेवली आहे म्हणे. विहिरी आटवणारी गावची खाण बंद झाल्यापासून तिथे धूळही येत नाही. "तेच्या विहिरीक आतां पाणी पण आयलां," असे त्यांनी दोनदा सांगितले, जसे काही तेवढे एकच कारण कमी पडत होते.

आणि मग त्यांनी मला पहिल्यांदा 'तू' म्हटले. "तूं तरणो आसस. तूं ऱ्हव. माका वचूंक दी. माका थंय मरूंक दी."

धरले तर चावते, सोडले तर पळते म्हणतात, तसे झाले. घटकाभरापूर्वी ज्या माणसाला पाण्यात ढकलावेसे वाटत होते तो माझ्याकडे वाट मागत होता. तीच वाट, जी मला हवी होती. मानस एक, माणसे दोन, आणि एकाने तरी राहायला हवे. मी तिथून गेलो तर हा म्हातारा रात्री बॅटरी घेऊन एकटा त्या सखल तुकड्यावरून जाणार. न जाईल तर शेते जाणार, आणि शेते काही एकट्याची नाहीत. मी राहिलो तर ते सुटले आणि मी बुडालो. त्याला टाकून जाण्याइतका मी वाईट नव्हतो, आणि राहण्याइतका चांगला तर मुळीच नव्हतो.

मग मला एक कल्पना सुचली. आजही मला ती चांगली वाटते. बंधन गाऱ्हाण्याने घातले तर गाऱ्हाण्यानेच सोडवावे. शेतकऱ्यांची संघटना आहे. त्यांनी पगारी माणूस नेमावा, पाळ्या लावाव्यात, हल्ली सगळीकडे करतात तसे. आम्ही दोघांनीही मोकळे व्हावे. ते शिरगावला, आम्ही डिचोलीला. दोन्ही गावे जवळ जवळ, दर रविवारी भेटू. मी उठलो, हात जोडले आणि आयुष्यात पहिल्यांदा गाऱ्हाणे घातले. मला ते नीट येत नव्हते. आमच्या काजूच्या डोंगरावर असले देवचार नसतात.

"बा देवा राखणदारा, आतापर्यंत ह्या घरान तुझी सेवा केली."

सासरे माझ्याकडे बघत राहिले. मग सवयीने मान खाली गेली आणि ते म्हणाले, "व्हय महाराजा."

"शेतां राखली, बांध राखलो."

"व्हय महाराजा."

"जांवय आयले ते तुझ्या दारात म्हातारे झाले."

"व्हय महाराजा," ते म्हणाले. या वेळी आवाज जरा फाटला आणि गालांवर पाणी आले.

"आता ही राखण गावच्या हातीं दी. गाव दुसरो माणूस बघतलो. ह्या दोगांची मानशीक आता गरज ना. दोगांकय मोकळे कर."

मी थांबलो. वाट बघितली. बाहेरचे पाणी एव्हाना उतरायला लागले होते. दोन्हीकडचे पाणी सारखे झाले की काही क्षण दारे ना मिटलेली ना उघडी अशी असतात, नुसती कुरकुरतात. ती कुरकुर ऐकू येत होती. सासऱ्यांचे ओठ हलले. मला वाटले, निघाले. फक्त दोन शब्द होते. ते म्हटले की शिरगावची खोली, विहिरीचे पाणी, पहाटेचे होमकुंड, सगळे त्यांचे होते. त्यांनी तोंड उघडले, मिटले. हात छातीशी जोडलेले होते ते सुटले.

"त्या दारात कायतरी अडकलां," ते म्हणाले, आणि पायऱ्या उतरून पाण्यात गेले.

काही अडकलेले नव्हते. मी वरून बघत होतो. ते कमरेइतक्या पाण्यात उभे राहून दाराच्या फळीवरून हात फिरवत होते, वरपासून खालपर्यंत आणि खालून वर, रात्री तापलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा. मानशीला त्यांची गरज नाही, एवढे एकच वाक्य त्यांना कबूल करता आले नाही. जायचे होते ते खरे होते. रडत होते तेही खरे होते. पण ते दोन शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत.

मग दारे उघडली आणि शेवटे निघाले. आधी दोन-चार, मग पाणीच काळे झाले. ते उडायला लागले, एकामागून एक, चमकत, वळत. बघायला येणाऱ्यांना वाटते ते आनंदाने उडतात. ते जाळे चुकवायला उडतात. दोरी त्यांना पाण्यात दिसते आणि ते तिच्यावरून झेप घेतात. पुष्कळ पलीकडे पडतात, काही जाळ्यात पडतात. मी इतक्या वर्षांत ते बघितले होते, पण माझ्या ध्यानात त्या दिवशी आले. पहिल्या वेळी तोंड उघडे टाकून मी जे बघत होतो ते हेच होते.

बांध मोकळा झाल्यावर मी "चला" म्हटले. ते जाळे ओढत होते. "तुमी जाया फुडें," ते म्हणाले. 'तू' तेवढ्यापुरताच होता.

घरी आलो तेव्हा बायको मागच्या दारात उभी होती. मुलगी शाळेतून यायची होती. तिने माझ्या तोंडाकडे बघितले आणि विचारले, "सांगलंस?"

"सांगलं."

"बाबा काय म्हणाले?"

"काय म्हणाले ना," मी म्हटले. "व्हय म्हणाले ना, ना पण म्हणाले ना."

आपल्या बापाला ती माझ्यापेक्षा जास्त वर्षे ओळखते. पाठीमागे विहिरीवर बादली पडल्याचा आवाज झाला आणि सासऱ्यांची हाक आली, "जांवय, मोठे शेवटे गावले! तुमकां दोन माथीं!" आवाज नेहमीसारखा होता, दुपारचे काही त्यात नव्हते. बायको आमच्या खोलीत गेली. मी मागोमाग गेलो. ती जमिनीवर बसली होती आणि तिने खाटेखालून खोका बाहेर ओढला होता. आज मोठे मासे होते आणि हुमण करायचे कुंडले सगळ्यांत खाली, अंथरुणांखाली, तिच्या आईच्या लुगड्यात होते. ती सुंभाची गाठ नखांनी सोडवत होती आणि ती सुटत नव्हती. तिची मान खाली होती, त्यामुळे ती रडते आहे की नाही ते मला दिसले नाही, आणि मी वाकून बघितले नाही. सुरी आणू का, मी विचारले. "नाका," ती म्हणाली, "सुंभ बाबांचां, तेंका परत दिवक जाय." मग मी तिच्या शेजारी बसलो. गाठ माझीच होती, करकचून मारलेली, त्यामुळे ती मलाच सोडवावी लागली.